बंदरावर अडकलेले अन्न

20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोच्या आग्नेय किनाऱ्यावर, याबुकोआ गावाजवळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात होता. बेटाची वीजव्यवस्था त्या एका दिवसात कोसळली आणि शेवटच्या घरात दिवा लागायला जवळजवळ अकरा महिने गेले. पण अन्नाचा विचार करणाऱ्याने विसरू नये अशी गोष्ट घडली ती बंदरावर. राजधानी सान हुआनच्या धक्क्यावर हजारो कंटेनर पडून होते. त्यांत अन्न होते, पिण्याचे पाणी होते, औषधे होती. रस्ते खचलेले, डिझेलची टंचाई, फोन बंद असल्याने ट्रकचालकांचा पत्ता नाही, म्हणून माल हलत नव्हता. आणि तिथून काही तासांच्या अंतरावर डोंगरी वस्त्यांमधली माणसे घरात उरलेल्या शिध्यावर दिवस काढत होती. सरकारने आधी 64 मृत्यू जाहीर केले. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर, 2018 च्या ऑगस्टमध्ये, तो आकडा 2,975 असल्याचे मान्य झाले. यातले बहुतेक मृत्यू वादळाच्या दिवशी झालेले नव्हते. वीज, औषधपाणी आणि मदत यांच्या अभावाने ते पुढच्या महिन्यांत झाले. बेटावर अन्न नव्हते असे म्हणता येत नाही. ते होते, पण ज्यांना हवे होते त्यांच्या हातात नव्हते.

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातले, अमेरिकेच्या ताब्यातले बेट. क्षेत्रफळ सुमारे 9,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडे मोठे; लोकसंख्या 2020 च्या गणनेनुसार जवळपास 33 लाख, म्हणजे रत्नागिरीच्या दुप्पट. डोंगरात भरपूर पाऊस आणि बाराही महिने पीक घेता येईल अशी हवा. तरीही तिथल्या ताटातले सुमारे 85 टक्के अन्न बाहेरून येते, आणि त्यातला मोठा भाग फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून सान हुआनला येणाऱ्या जहाजांतून. 1 ऑक्टोबर 2015 रोजी याच मार्गावर ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज वादळात सापडून 33 खलाशांसह बुडाले होते. बेटावरच्याच मायाग्वेसच्या विद्यापीठातल्या कृषी-अर्थतज्ज्ञ मिर्ना कोमास पुढे 2013 ते 2016 या काळात बेटाच्या कृषी खात्याच्या प्रमुख होत्या. ही पुरवठ्याची साखळी कुठे कुठे तुटू शकते याचा अभ्यास त्यांनी मारियाच्या कितीतरी आधी मांडला होता. तेव्हा धोका माहीत नव्हता असे कोणी म्हणू नये. माझे म्हणणे असे आहे की या बेटाला जमिनीची किंवा पावसाची टंचाई नाही. आपण काय पिकवायचे, कुठून आणायचे आणि शेतकरी कोणाला म्हणायचे हे ठरवण्याच्या अधिकाराची टंचाई आहे. आणि हा अधिकार परत मागण्यात तिथल्या स्त्रिया पुढे आहेत याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधायचे नाही. बेटाच्या आर्थिक योजनांनी त्यांना ज्या जागी ठेवले, त्या जागेत ते आहे.

ती जागा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1898 मध्ये अमेरिकेने स्पेनकडून हे बेट घेतले तेव्हा डोंगरातली कॉफी हे त्याचे मुख्य निर्यातपीक होते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये सान सिरियाको नावाच्या वादळाने तीन हजारांवर माणसे मारली आणि कॉफीचे मळे झोपवले. भांडवल किनारपट्टीच्या सपाट जमिनीकडे, उसाकडे वळले. एका कंपनीने 500 एकरांपेक्षा जास्त जमीन धरू नये असा नियम अमेरिकी संसदेने 1900 मध्येच केला होता, पण पुढची चाळीस वर्षे तो कागदावर राहिला आणि साखर कंपन्या पसरत गेल्या. चांगली जमीन उसाखाली गेली, तेव्हा ऊसतोडणी मजुराच्या घरात बाहेरून आलेला तांदूळ आणि खारवलेला मासा शिजू लागला. 1920 च्या जोन्स कायद्याने आणखी एक गाठ मारली: अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे आणि अमेरिकी खलाशांचे हवे. पोर्तो रिको या नियमात येते. हे सगळे किती नाजूक आहे ते 1942 मध्ये दिसले. जर्मन पाणबुड्यांनी कॅरिबियनमध्ये जहाजे बुडवायला सुरुवात केली, सान हुआनला येणारी वाहतूक आटली आणि बेटावर अन्नटंचाई झाली. उसाने भरलेल्या बेटावर लोक अर्धपोटी होते.

यातून जो धडा घ्यायला हवा होता तो काही काळ घेतला गेला. लुइस मुन्योझ मारीन यांचा पक्ष 1938 मध्ये स्थापन झाला तो भाकरी, जमीन आणि स्वातंत्र्य अशी घोषणा देत. 1941 च्या जमीन कायद्याने 500 एकरांचा नियम प्रत्यक्षात आणायला सुरुवात केली आणि मालकाच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मजूर कुटुंबांना घरापुरती आणि परसापुरती जमीन दिली. तुकडे लहानच होते. पण घर आणि लागवड एकत्र असल्याने त्यावर काय लावायचे हा निर्णय घरात होऊ लागला. मग त्याच पक्षाने दिशा बदलली. 1947 पासून करसवलती देऊन अमेरिकी कारखाने बोलावण्याचे धोरण आले. कपड्यांच्या कारखान्यांत बायकांना मोठ्या संख्येने काम मिळाले, मळ्यांवरचे पुरुष बेकार झाले, आणि पुढच्या दीड-दोन दशकांत लाखो लोक न्यूयॉर्कच्या दिशेने गेले. शेती म्हणजे मागासलेपण, डबाबंद अन्न म्हणजे प्रगती, हा समज त्या काळात रुजला. ज्या योजनेने बेट आधुनिक केले तिने परसबागेची नोंद कुठेच ठेवली नाही. उसाचे हेक्टर मोजले गेले, कारखान्यांतल्या नोकऱ्या मोजल्या गेल्या. घरामागचा कंदांचा वाफा कोणाच्या तक्त्यात आला नाही.

पण न मोजलेली गोष्ट शिल्लक राहिली. पोर्तो रिकोच्या स्वयंपाकात उकडलेल्या कंदांना आणि कच्च्या केळ्यांना मानाचे स्थान आहे. त्यात आपल्या कोनफळाच्या जातीचे ‘न्यामे’ आहेत, अळूच्या कुळातली ‘याउतिया’ आहे, आपला साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंद आहे आणि कोकण-गोव्यात आपण ज्याला नीरफणस म्हणतो तेही आहे. सणाच्या दिवशी होणारा ‘आरोस कॉन गांदुलेस’ हा भात तर तुरीच्या दाण्यांचा. तूर ही मुळात भारतीय उपखंडातली, आफ्रिकेमार्गे कॅरिबियनमध्ये गेलेली. गंमत सोडा, यात एक गंभीर गोष्ट आहे: या भातातला तांदूळ जवळजवळ पूर्णपणे आयातीचा असतो, तूर मात्र बेटावर सहज येते. कोणता वेल कधी लावायचा, कोणत्या कंदाचा कोंब बियाण्यासाठी ठेवायचा, कोणते पान वाटणात जाते ही माहिती कृषी खात्याच्या पुस्तिकांपेक्षा आजीच्या परसात जास्त टिकली. सरकारी व्याख्या या परसाला आजही ओळखत नाही. करसवलत आणि शेतीची सरकारी मदत हवी तर ‘खरा शेतकरी’ असल्याचा दाखला लागतो, आणि त्यासाठी एकूण उत्पन्नातले किमान 51 टक्के शेतीतून यावे लागते. जी बाई सकाळी शाळेत शिकवते, दुपारी अर्ध्या एकरात भाजी काढते आणि शनिवारी बाजारात विकते, ती या व्याख्येत बसत नाही. एक हजार एकरांवर परदेशी कंपनीसाठी बियाणे पैदा करणारा बसतो.

इथे अन्नसुरक्षा आणि अन्नस्वराज्य या दोन कल्पनांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. अन्नसुरक्षा विचारते: माणसाला पुरेसे अन्न मिळते का? ते कुठून आले, कोणी ठरवले, याच्याशी तिला कर्तव्य नाही. ला व्हिया कँपेसिना या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेने 1996 मध्ये, रोमच्या जागतिक अन्न परिषदेच्या वर्षी, दुसरी कल्पना पुढे आणली: लोकांना आपली अन्नव्यवस्था स्वतः ठरवण्याचा हक्क आहे. 2007 मध्ये मालीत या विचाराच्या लोकांची जागतिक बैठक झाली, तिला त्या देशाच्या लोककथांतल्या न्येलेनी या शेतकरी स्त्रीचे नाव दिले होते. पोर्तो रिकोत हा फरक पुस्तकी राहत नाही. अमेरिकी संसदेच्या निर्णयाने 1982 मध्ये बेट राष्ट्रीय अन्नसाहाय्य योजनेतून बाहेर पडले आणि त्याला ठरावीक रकमेची वेगळी योजना मिळाली. अमेरिकेच्या राज्यांमध्ये संकट आले की साहाय्य आपोआप वाढते. इथे संसदेने वेगळा ठराव करावा लागतो. मारियानंतर जवळपास सव्वाशे कोटी डॉलरची जादा रक्कम मिळाली, ती 2019 च्या मार्चमध्ये संपली आणि सुमारे 13 लाख लोकांच्या महिन्याच्या मदतीत कपात झाली. मदत म्हणून आलेल्या खोक्यांचेही तसेच. आहारतज्ज्ञ उरियोआन कोलोन-रामोस यांनी वादळानंतर केंद्रीय यंत्रणेने वाटलेल्या पदार्थांची तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत मीठ, साखर किंवा चरबी आहाराच्या मार्गदर्शक मर्यादेपेक्षा जास्त निघाली. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असलेल्या बेटावर हे अन्न पाठवण्याचा निर्णय बेटाबाहेर झाला होता. उष्मांकांचा हिशेब त्याने भरून निघाला असेल, पण त्याला सुरक्षा म्हणणे मला जड जाते.

या परिस्थितीत स्त्रियांनी काय केले ते पाहू. ओरोकोव्हिस हे बेटाच्या मध्यावरचे डोंगरी गाव. तिथल्या बोतिहास वस्तीच्या सरकारी शाळेत दाल्मा कार्ताहेना या शिक्षिकेने मुलांना रसायनांवाचून शेती करायला वर्षानुवर्षे शिकवले. बी धरणे, माती बनवणे, कंपोस्ट, पिकांची फेरपालट हा तिथे छंदवर्ग नव्हता, गणित-विज्ञानासारखा विषय होता. ज्या देशात शेती म्हणजे अपयश असे तीन पिढ्यांना सांगितले गेले, तिथे दहा वर्षांच्या मुलाने आपण लावलेली पालेभाजी घरी नेणे हे अभ्यासक्रमातले बंड आहे. सान हुआनमध्ये तारा रॉड्रिगेस बेसोसा यांनी 2010 मध्ये ‘एल देपार्तामेंतो दे ला कोमिदा’ सुरू केले: छोट्या शेतकऱ्यांचा माल गोळा करायचा आणि शहरातल्या घरांपर्यंत पोचवायचा. मारियाने त्यांची शहरातली जागा उद्ध्वस्त केली. त्यानंतर हे काम कागुआसच्या डोंगरात, सान साल्वादोर वस्तीत गेले आणि त्याचे रूप बदलले. बियाण्यांची पेढी, शेतीची अवजारे उसनी देणारे केंद्र, सामायिक स्वयंपाकघर. माल विकण्यापासून साधने वाटून घेण्यापर्यंतचा हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण लहान शेतकरी बाईला अडते ते बहुधा जमिनीनंतर अवजारांपाशी. या चळवळीत स्त्रियांच्या बरोबरीने समलिंगी आणि पारलिंगी तरुणही मोठ्या संख्येने आहेत हेही नोंदवायला हवे. रूढ शेतकरी कुटुंबाच्या चौकटीत ज्यांना जमीन मिळत नाही, अशी ही माणसे.

उमाकाओजवळच्या मारियाना वस्तीची गोष्ट वेगळी आहे. वादळानंतर क्रिस्टीन निएवेस आणि त्यांचे जोडीदार लुइस रॉड्रिगेस सांचेस यांनी शेजाऱ्यांसह तिथे सामुदायिक स्वयंपाकघर उभे केले आणि रोज शेकडो माणसांना जेवू घातले. बाहेरून पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटला. पण मारियानामध्ये ‘आरेक्मा’ ही वस्तीची जुनी संस्था आहे, आणि ती दरवर्षी नीरफणसाची जत्रा भरवत आली आहे. शेकडो माणसांचा स्वयंपाक एका दमात कसा करायचा, मोठी पातेली कोणाकडे आहेत, कोणती बाई कशात तरबेज आहे, ही माहिती वस्तीत तयार होती. सरकारी आपत्ती आराखड्यात जी क्षमता कुठेच लिहिलेली नव्हती ती जत्रेच्या चुलीपाशी सापडली. या सगळ्याला शेतावरची जोड दिली ती ‘बोरिक्वा’ या संघटनेने. 1989 मध्ये सुरू झालेली ही पर्यावरणपूरक शेती करणाऱ्यांची संघटना. ठरल्या दिवशी सगळ्यांनी एकाच्या शेतावर जायचे, दिवसभर राबायचे, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या, ही तिची पद्धत. आपल्याकडच्या सावडीसारखीच. मारियानंतर याच तुकड्यांनी एकेक शेत उभे केले, आणि 2018 मध्ये संघटनेला अमेरिकेतला अन्नस्वराज्य पुरस्कार मिळाला. बोरिक्वात पुरुष आहेत, संस्थापकांत ते होतेच. पण शिकवणे, बियाणे सांभाळणे, आंतरराष्ट्रीय मंचावर बोलणे आणि नव्या शेतांची उभारणी यांत स्त्रिया आघाडीवर आहेत.

बेटाचेही एक बेट आहे. विएकेस पूर्वेला, सेइबाहून फेरीबोटीने जायचे. अमेरिकी नौदलाने 1940 च्या दशकात या बेटाची दोन-तृतीयांशाहून अधिक जमीन घेतली आणि बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरली. 19 एप्रिल 1999 रोजी एका चुकलेल्या बॉम्बने तिथला एक स्थानिक रखवालदार मेला, लोक उठले, त्या लढ्यात विएकेसच्या स्त्रियांनी आपली स्वतंत्र आघाडी काढली आणि 1 मे 2003 रोजी नौदल गेले. जमीन मात्र लोकांना मिळाली नाही; बरीचशी वन्यजीव अभयारण्य म्हणून केंद्र सरकारकडेच राहिली आणि तिथली स्फोटके काढण्याचे काम अजून रेंगाळले आहे. फेरी बंद पडली की इथली दुकाने रिकामी होतात. ‘ला कोल्मेना सिमारोना’ हा गट इथे मधमाश्या पाळतो, भाजी पिकवतो, तरुणांना शेतीत आणतो. आना एलिसा पेरेस किंतेरो हे त्यातले माहीत असलेले नाव. विएकेसमध्ये पपईचे झाड लावणे हा जमिनीवरचा दावा आहे.

आता प्रश्न येतो की स्त्रियाच का. सगळ्यात सोपे उत्तर असे की स्त्री ही अन्नपूर्णा, पोसणे हा तिचा धर्म. हे उत्तर मी नाकारतो, कारण त्याने काम तिच्यावर ढकलले जाते आणि अधिकार दुसऱ्याकडे राहतो. पॅसिफिकमधली दोन बेटे पाहिली की खरे कारण जास्त स्पष्ट दिसते. पलाऊमध्ये दलदलीतली अळूची शेते परंपरेने स्त्रियांच्या ताब्यात आहेत. कुळाची परंपरा आईकडून चालते, ज्येष्ठ स्त्रिया सरदार निवडण्यात भाग घेतात, आणि ही शेते डोंगरावरून वाहून येणारी माती प्रवाळापर्यंत पोचण्याआधी अडवतात. तिथे स्त्रीचा शब्द चालतो, कारण जमिनीच्या कारभारात तिला हक्काचे स्थान आहे. मायक्रोनेशियातल्या पोनपे बेटावर आयात तांदूळ आणि डबाबंद मांस आले तसे मुलांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मोठ्यांत मधुमेह वाढला. आहारतज्ज्ञ लोइस एंगलबर्गर यांनी स्थानिक स्त्रियांबरोबर काम करून दाखवले की बाळाला पहिला घास म्हणून पूर्वी दिले जाणारे ‘करात’ जातीचे, पिवळ्या-नारिंगी गराचे केळे बीटा-कॅरोटीनने भरलेले आहे. आयांना माहीत असलेली गोष्ट प्रयोगशाळेने मान्य केली आणि पुढे राज्याने त्या केळ्याला राज्याचे केळे म्हणून मान दिला. पोर्तो रिकोत पलाऊसारखा जमिनीचा हक्क नाही; बहुतेक शेते आजही पुरुषांच्या नावावर आहेत. तिथे स्त्रिया पुढे आल्या त्या शाळा, स्वयंपाकघर, बियाणे आणि शेजार या जागांमधून. त्या जागा ऊस कंपन्यांना नको होत्या आणि सरकारने मोजल्या नव्हत्या.

या मांडणीवर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा. लहान बेटाने स्वस्त धान्य विकत घ्यावे आणि ज्यात आपला हात चांगला आहे ते विकावे; स्वतः तांदूळ पिकवण्याचा हट्ट गरिबांनाच महाग पडेल. यात तथ्य आहे, आणि पोर्तो रिकोतल्या कोणत्याही गंभीर गटाने शंभर टक्के स्वयंपूर्णतेची मागणी केलेली नाही. पण हा आक्षेप गृहीत धरतो की बेट मोकळ्या बाजारात खरेदी करते. जोन्स कायद्यामुळे अमेरिकेतून येणारा माल मर्यादित जहाज कंपन्यांमधूनच येऊ शकतो. परदेशी जहाज थेट परदेशातून येऊ शकते हे खरे, आणि कायद्याचा नेमका भुर्दंड किती हे ठरवता येत नाही असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2013 मध्ये म्हटले, हेही खरे. मग मारियानंतर हा कायदा दहा दिवसांसाठी स्थगित का करावा लागला? अडचण नसती तर सूट द्यायची गरज पडली नसती. बाजार किती मोकळा आहे याचे आणखी बोलके उदाहरण सामोआचे. हा तर स्वतंत्र देश. लठ्ठपणाच्या साथीला तोंड देताना त्याने 2007 मध्ये टर्कीच्या चरबीयुक्त शेपटांच्या आयातीवर बंदी घातली. 2012 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळवताना ती बंदी उठवणे त्याला भाग पडले. सार्वभौम राष्ट्राची ही गत, तर संसदेत मताचा अधिकार नसलेल्या प्रदेशाची काय असेल?

दुसरा आक्षेप वादळांचा. मारियाने बेटावरच्या पिकांच्या सुमारे 80 टक्के मूल्याचा नाश केला. केळी, कॉफी, कोंबड्या, सगळे गेले. मग स्थानिक शेतीवर भरवसा ठेवणे म्हणजे सगळी अंडी वाऱ्यात ठेवणे नाही का? शेती कशी करतो यावर उत्तर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. 2008 च्या आइक वादळानंतर क्युबात झालेल्या पाहणीत एकपिकी शेतांचे नुकसान 90 ते 100 टक्के, तर मिश्रपिकी शेतांचे सुमारे 50 टक्के आढळले. 1998 च्या मिच वादळानंतर मध्य अमेरिकेत हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी शेजारशेजारची शेते मोजली. बांध, झाडे आणि आच्छादन असलेल्या जमिनीत सुपीक माती जास्त टिकली होती. पुराव्याचा दुसरा भाग लपवून उपयोग नाही. मूळच्या पोर्तो रिकोच्या परिस्थितिकीतज्ज्ञ इव्हेट पर्फेक्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारियानंतर तिथल्या कॉफीच्या मळ्यांचा अभ्यास केला, त्यात सावली राखलेला मळा दर वेळी जास्त तग धरतो असा सरळ हिशेब निघाला नाही. म्हणून मिश्रशेती म्हणजे विमा असे मी म्हणणार नाही. मला दिसते ते असे: झाडे पडली तरी जमिनीतले कंद उरतात, भाजी दोन महिन्यांत पुन्हा येते, आणि ती येते त्या ठिकाणाहून खाणाऱ्याच्या घरापर्यंत पायी जाता येते. आयातीचे 85 टक्के आणि स्थानिक 15 टक्के हे प्रमाण थोडेसे जरी बदलले तरी पहिल्या दोन-तीन महिन्यांतले उपासमारीचे गणित बदलते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, आणि तो स्त्रीवादी कार्यकर्त्यांनीच उचलला आहे. 2016 मध्ये अमेरिकी संसदेने बेटाच्या सत्तर अब्ज डॉलरहून अधिक कर्जाच्या निपटाऱ्यासाठी न निवडलेले वित्त मंडळ नेमले; खर्चकपात आली; 2018 मध्ये अडीचशेहून अधिक सरकारी शाळा बंद झाल्या. राज्यव्यवस्था मागे सरकते आणि तिची जागा बायका फुकटात भरून काढतात. सामुदायिक स्वयंपाकघराचे कौतुक करताना कृषी खाते, शाळा आणि आपत्ती यंत्रणा आपल्या कामातून सुटतात. हा आरोप खरा आहे, आणि जो कोणी या स्त्रियांच्या धैर्याची गाणी गातो त्याने आधी त्यांच्या पगाराबद्दल बोलावे. पण या आक्षेपातून काम सोडून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की बिनपगारी काम ही मदत समजू नये, तो पुरावा समजावा. कोणी आपल्या वस्तीत रोज शेकडो ताटे वाढू शकत असेल तर अन्नवाटपाचा ठेका बाहेरच्या कंपनीला का द्यायचा? बंद केलेल्या शाळेच्या आवारात गट शेती करू शकत असेल तर ती जागा गंजत का ठेवायची? या मागण्या राज्याला मोकळे करणाऱ्या नाहीत. त्या राज्याकडे निधी, जमीन आणि निर्णयातला वाटा मागतात.

चळवळ लहान आहे हे कबूल करायला हवे. 2012 च्या कृषिगणनेत पोर्तो रिकोत 13,159 शेते होती, मारियानंतरच्या 2018 च्या गणनेत 8,230 उरली आणि 2022 मध्ये 7,602. दाल्मा कार्ताहेना यांच्या शाळेतून किंवा बोरिक्वाच्या तुकड्यांमधून तयार होणारी शेते ही घसरण एकट्याने थांबवू शकत नाहीत. जोन्स कायदा बदलणे वॉशिंग्टनच्या हाती, अन्नसाहाय्याची मर्यादा उठवणे वॉशिंग्टनच्या हाती, विएकेसची जमीनही तिथेच अडकलेली. पण माझ्या मते सुरुवात करायची जागा याहून जवळ आहे. एकूण उत्पन्नाच्या 51 टक्क्यांची ती अट हजारो अर्धवेळ शेतकरी स्त्रियांना कर्ज, करसवलत आणि सरकारी मदतीबाहेर ठेवते. ती वॉशिंग्टनने घातलेली नाही. बेटाच्या स्वतःच्या विधिमंडळाच्या कायद्यात ती आहे, आणि ती काढण्याची मागणी तिथेच करता येते.